समुद्री टाकी नवीन लावताय? या चुका टाळा

बेळगावकराची पहिली चूक बहुधा चोर्ला घाटातच होते. गोव्याहून परतताना माशांच्या खाऱ्या टाकीसाठी डिकीत चार कॅन. समुद्राचंच पाणी, तेही फुकट की! मी जुलैत मिरामारला भरले होते. मांडवी तिथेच समुद्राला मिळते, आणि पावसाळ्यात ती किती गोडं पाणी ओतते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, दोन थेंब टाकले, तर सापेक्ष घनतेची रेघ १.०१५ च्याही खाली. हवी असते १.०२५ च्या आसपास. सगळं मोरीत ओतलं. त्यापेक्षा तयार सॉल्ट मिक्स, म्हणजे पाण्यात कालवायचं समुद्री मीठ, घ्या.

ते कालवायला बोअरचं पाणी नको, नळाचंही नको. घरचा आरओ पुरेल असं वाटतं, पण पिण्याच्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) अॅडजस्टर असतो. चवीसाठी तो क्षार ठेवतोच. टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं, म्हणजे पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन जोडावं लागतं. नाहीतर काचेवरचा तपकिरी थर हटता हटत नाही. शुद्ध पाण्यातही नव्या टाकीत तो थोडाफार येतो आणि जातो. त्यावर औषधं ओतू नका.

मासे सोडायची घाई तर सगळ्यांनाच. अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना अमोनिया मिळावा म्हणून मी रिकाम्या टाकीत कोळंबीचा तुकडा कुजत ठेवला होता. आई रोज विचारायची, "मासे कुठायत रे? नुसतं पाणी काय बघत बसलायस?" अमोनिया वर चढून दोन्ही टेस्ट शून्यावर आल्या, तेव्हाच क्लाउनफिशची जोडी आणली.

एप्रिलच्या उन्हात पाणी उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. म्हणून तूट भरायची ती साध्या आरओ-डीआय पाण्यानं. मीठपाणी घालत राहिलात तर खारटपणा चढत जातो. संपवर, म्हणजे मुख्य टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीवर, पाण्याच्या पातळीची रेघ मार्करनं मारून ठेवा.

प्रवाहाचं गणित नवख्यांना कमीच वाटतं. १०० लिटरच्या टाकीत मऊ प्रवाळ ठेवायचे तर तासाला १००० ते २००० लिटर पाणी फिरायला हवं. पण नुसता मोठा पंप लावून भागत नाही. सगळा झोत एकाच प्रवाळावर आला तर तो मिटून बसतो, आणि दगडामागे घाण साचते. चिमूटभर खाद्य सोडा आणि कुठे बसतं ते बघा. पॉवरहेडचं, म्हणजे टाकीतल्या प्रवाहाच्या छोट्या पंपाचं, तोंड तिकडे वळवा. दुसऱ्या पॉवरहेडचं तोंड थोडं वर, पृष्ठभाग हलता राहील असं. प्राणवायू तिथूनच मिळतो.

लाइट गेली की हे सगळं थांबतं, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच. शिवाय संप असेल तर रिटर्नच्या, म्हणजे संपातलं पाणी वर टाकीत नेणाऱ्या, पाइपातून टाकीचं पाणी उलटं खाली येतं. पाण्याच्या रेषेच्या जरा खाली पाइपाला बारीक भोक पाडलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक शेवाळानं बुजतं. माझंही बुजलं, आणि रात्री दोन वाजता हॉलमध्ये घोटाभर पाणी. आता भोक चालतंय का ते बघायला महिन्यातून एकदा मीच दिवसाउजेडी पंपाचा प्लग काढतो, जुने टॉवेल शेजारी ठेवून.