जुनी फिलिपिनो नौका ओळखायची कशी?

फिलिपिन्समधील जुन्या नौकेचे चित्र किंवा प्रतिकृती समोर आली की नजर आधी रंगीत शिडावर खिळते. पण नौका नेमकी कोणती हे ठरवायचे असेल, तर शीड शेवटी पाहावे आणि सुरुवात दोन्ही बाजूंपासून करावी. बाहेर काढलेल्या आडव्या दांड्यांना पाण्यालगत तरंगणारे बांबू बांधलेले असतील, तर ती उलांडीची नौका होय. या उलांडीला तेथे ‘कातिग’ म्हणतात.

कातिग दिसली की त्या आडव्या दांड्यांवर कोणी बसलेले आहे का, हे पाहावे. विसाया बेटांच्या ‘काराकोआ’ या युद्धनौकेत दांड्यांवर वल्हेकऱ्यांसाठी मंच असत आणि मध्यभागी, त्यांच्या डोक्यांहून उंच, लढवय्यांसाठी ‘बुरुलान’ नावाचा बांबूचा चौथरा असे. मोठी काराकोआ सुमारे 25 मीटर लांब भरे. नौका लांबलचक आहे, वल्हेकऱ्यांच्या रांगाही आहेत आणि डोलकाठ्या आडव्या पाडता येण्याजोग्या आहेत, असे असल्यास ती दक्षिणेकडील मिंदानाव बेटाच्या इरानुन लोकांची ‘लानोंग’ ही युद्धनौका असण्याची शक्यता धरावी. शत्रूच्या जहाजावर चढण्यासाठी तिच्या या डोलकाठ्यांचीच शिडी होई.

प्रत्यक्ष सांगाडा पाहायला मिळाला, तर आत वाकून फळ्यांचे सांधे तपासावेत; माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण हीच. मिंदानाव बेटावरील बुतुआन येथे 1976 पासून उजेडात आलेल्या ‘बालांगाय’ नौकांमध्ये फळीची कड फळीच्या कडेला कठीण लाकडाच्या खुंट्यांनी जोडलेली आहे. फळी तासताना तिच्या आतल्या अंगाला ठरावीक अंतरावर उंचवटे मुद्दाम राखलेले दिसतात. त्यांना आरपार भोके पाडून, त्यांतून वनस्पतीच्या तंतूंची दोरी ओवून फासळ्या आवळून बांधत. म्हणजे आधी कवच उभे राही आणि फासळ्या नंतर येत. सांध्यांवर लोखंडी खिळ्यांची रांग दिसली, तर माहितीफलकावर काहीही लिहिलेले असो, ती बांधणी या जुन्या पद्धतीची नव्हे.

आता शीड. उभ्या रंगीत पट्ट्यांचे शीड सुलू बेटे आणि झांबोआंगा भागातील ‘विंता’चे असते, आणि विंता ही उलांडीची लहान होडी आहे, तेवढ्यावरून तिला युद्धनौका ठरवू नये.