गावच्या चर्चचा इतिहास कसा लिहावा
विदर्भातील खेड्यातल्या कॅथलिक धर्मग्रामाचा (एका चर्चच्या भाविकसमुदायाचा, म्हणजे पॅरिशचा) इतिहास लिहिताना आधी फादरांच्या परवानगीने बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही उघडावी. नोंदी बहुधा लॅटिनमध्ये असतात, पण नाव, आईवडील, धर्ममातापिता हे रकाने ओळखू आले की वाचन अवघड जात नाही. समासातली बारीक अक्षरे मुळीच सोडू नयेत, कारण त्या व्यक्तीचा पुढे झालेला विवाह तिथेच नोंदवलेला असतो आणि घराण्यांची सोयरीक त्यातूनच उलगडते. नागपूर धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) १८८७ मध्ये, तर अमरावती १९५५ मध्ये स्थापन झाला; म्हणून वऱ्हाडातील जुन्या कागदपत्रांसाठी नागपुरातही विचारणा करावी. वेदी भिंतीपासून पुढे आणलेली दिसली, तर तो बदल बहुधा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा (उपासनापद्धतीत बदल घडवणारी कॅथलिक धर्मसभा, १९६२–६५) समजावा. कोनशिलेवरचा चुना खरवडू नये; तिरप्या उन्हात फोटो काढल्यास अक्षरे उठून दिसतात.