ईसीएम बदलताय? थांबा, आधीचा कशाने मेला ते बघितलंत का

ऐरोलीत राहतो, गाडी २००६ ची पेट्रोल हॅचबॅक, पासिंग एमएच-४३, पंधरा वर्षं झाल्यावर री-पासिंग करून घेतलंय आणि अजून विकवत नाही. हिचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा डबा, मी एकदा नाही दोनदा बदललाय, आणि दुसऱ्यांदा बदलावा लागला तो निव्वळ माझ्या घाईमुळे, ते पुढे येईलच.

झालं असं की जुलैच्या पावसात ठाणे-बेलापूर रोडला दिघ्याच्या जवळ गाडीने अचानक मिसिंग मारायला सुरुवात केली, पिकअप शून्य, चेक लाइट लागलेली, गाडी रिक्षासारखी थरथरतेय. टोचन करून गॅरेजला नेली तर तिथल्या माणसाने बॉनेट पण नीट उघडलं नाही आणि म्हणाला साहेब ईसीएम गेला. माझ्या बाबतीत तो बरोबर निघाला, पण दहातल्या बऱ्याच वेळा हे वाक्य म्हणजे "मला फॉल्ट सापडत नाहीये" एवढंच असतं. तेव्हा खिसा मोकळा करायच्या आधी हजारच्या आतला एक मल्टीमीटर घ्या आणि पुढच्या गोष्टी स्वतः बघा.

सगळ्यात आधी चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक लाइट लागली पाहिजे आणि मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद घुर्र आवाज आला पाहिजे. दोन्ही नाही म्हणजे ईसीएमला करंटच पोचत नसेल, तिथे फ्यूज, मेन रिले (ईसीएमला करंट सोडणारा स्विच) आणि अर्थिंग बघायचं, डबा नाही. मेन रिले तसाच दुसरा लावून बघायला पाच मिनिटं लागतात. आता अर्थिंग. आपल्याकडे खाडीची दमट हवा, वर चार महिने पाऊस, त्यामुळे इंजिनवरचा अर्थचा लग, म्हणजे वायरचं बोल्टने बसवलेलं टोक, वरून बरा दिसतो आणि खाली हिरवा पडलेला असतो. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं ईसीएमच्या कपलरमधल्या (वायरी जोडायच्या प्लगमधल्या) अर्थच्या पिनला मागच्या बाजूने, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा खाली आलं तर ठीक, अर्धा व्होल्ट दाखवला तर लग काढा, सँडपेपर मारा, घट्ट बसवा, बऱ्याच "मेलेल्या" गाड्या इथेच उठतात. बॅटरी पण बघा, बंद गाडीत १२.६ च्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये, नाहीतर ईसीएम मधेच झोपतो. वायरला सुई टोचून चेक करू नका प्लीज, त्या भोकातून ओल जाते आणि वर्षभरात आतली तार हिरवी होऊन तुटते.

मग ५ व्होल्ट. ईसीएम सेन्सरना स्वतः ५ व्होल्ट पुरवतो, थ्रॉटल सेन्सरच्या कपलरवर मोजा. नसतील तर लगेच ईसीएमला शिव्या देऊ नका, कुठलातरी एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो. सेन्सर एकेक करून काढत जा, ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो चोर. आणि गाडी गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर आपोआप चालू होत असेल तर आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) बदलून बघा, तो ईसीएमपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

ब्लूटूथचं छोटं डोंगल लावलं, मोबाइलला कनेक्ट झालं नाही, म्हणजे ईसीएम मेला, असं समजणारे पण खूप आहेत. अहो आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीतले फॉल्ट कोड वाचायची ठरावीक पद्धत, आली ती भारत स्टेज ४ बरोबर, २०१० च्या एप्रिलपासून. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनचं सॉकेट असलं तरी ती बऱ्याचदा कंपनीच्याच भाषेत बोलते आणि स्वस्त डोंगलला ती कळत नाही. सॉकेटच्या १६ नंबर पिनवर बॅटरीचे १२ व्होल्ट आणि ४-५ वर अर्थ आहे का तेवढं बघा, आणि ज्याच्याकडे तुमच्या मॉडेलचं स्कॅनर आहे अशा इलेक्ट्रिशियनकडे जा.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं सांगतो कारण ठाणे-नवी मुंबईत जुनी पेट्रोल गाडी म्हटलं की निम्म्यांना किट असतंच. सिक्वेन्शियल किटचा (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणाऱ्या) स्वतःचा वेगळा ईसीयू, म्हणजे ईसीएमसारखाच डबा, असतो आणि तो बसवताना इंजेक्टरच्या मूळ वायरी कापून मधे जोड दिलेले असतात. ते जोड टेपने गुंडाळलेले असले तर दोन पावसाळ्यात सडतात आणि लक्षणं हुबेहूब ईसीएम गेल्यासारखी. किट बायपास करून गाडी फक्त पेट्रोलवर चालवून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एवढं सगळं पास झालं आणि तरी, समजा, एका इंजेक्टरला पल्स नाही किंवा एका कॉइलला सिग्नल नाही आणि तिथपर्यंतची वायर सलग आहे, तर मग डबा काढा. बॅटरीचा मायनस आधी काढायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, एअरबॅग असेल तर पिवळ्या कपलरना हात लावायचा नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत ईसीएम डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो, दोन-तीन दहाचे नट. कपलरला लॉक असतं, ते दाबून किंवा लिव्हर फिरवून काढा, वायर धरून ओढू नका. झाकण उघडायच्या आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक जाईल. आत जळल्याचा वास, काळा डाग, पिनांवर हिरवट-पांढरं, फुगलेला कपॅसिटर, यातलं काही दिसलं तर विषय संपला. माझ्यात कॉइलच्या ड्रायव्हरपाशी, म्हणजे कॉइल चालू-बंद करणाऱ्या चिपपाशी, बोर्ड चॉकलेटी झालेला.

आणि इथेच मी माती खाल्ली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सेम नंबरचा जुना डबा आणला, लावला, गाडी मस्त चालू, दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो, तिसऱ्या दिवशी परत तेच थरथरणं. ड्रायव्हर जाळणारी कॉइल गाडीतच बसलेली होती ना! कॉइल आतून शॉर्ट झाली की जास्त करंट ओढते आणि ईसीएममधला ड्रायव्हर जाळते, नवीन डबा लावा नाहीतर सोन्याचा. म्हणून डबा लावायच्या आधी कॉइलचं प्रायमरी (ईसीएमकडून करंट येतो त्या बाजूचा रेझिस्टन्स) मोजा. माझ्या गाडीत दोन कॉइल आहेत, त्या एकमेकींशी ताडून बघितल्या तर एक सरळ निम्मी दाखवत होती. आकडा एक ओहमच्या आसपासचा असतो, स्वस्त मीटरच्या वायरीच अर्धा ओहम खातात, तेव्हा आधी दोन टोकं एकमेकांना लावून तो आकडा वजा करा. कॉइल गरम असताना पण मोजा, थंड असताना शहाण्यासारखी वागते. इंजेक्टर मोजा, साधारण १२ ते १६ ओहम येतात आणि चारही जवळपास सारखे पाहिजेत.

डबा मारणारे बाकीचे उद्योग पण ऐकून ठेवा. चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढून "अल्टरनेटर चेक करतो" म्हणणारा मेकॅनिक दिसला तर चावी घ्या आणि निघा, त्या क्षणी व्होल्टेज उसळतं. री-पासिंगच्या आधी फ्लोअरचा सडलेला पत्रा बदलून घेतात सगळे, ते वेल्डिंग करताना बॅटरीचे टर्मिनल काढलेत का, हे स्वतः उभं राहून बघा.

आता माल कसा घ्यायचा. स्टिकरवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट सेम पाहिजे, नुसतं मॉडेल सेम असून उपयोग नाही, मॅन्युअल-ऑटोमॅटिक, एसी-बिनाएसी, सगळ्यात फरक असतो. जुना डबा घेताना पिनांमध्ये मोबाइलचा टॉर्च मारा, पांढरट पावडर किंवा चिखलाची रेघ दिसली तर तो बुडालेल्या गाडीचा आहे, फुकट दिला तरी घेऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला, त्या वेळी बुडालेल्या गाड्यांचे पार्ट कुठे गेले असतील असं वाटतं तुम्हाला? दुकानदाराकडून चालला नाही तर बदलून देण्याचं बिलावर लिहून घ्या.

सगळ्यात मोठी गोची इमोबिलायझर, म्हणजे चोरीविरुद्धचं इलेक्ट्रॉनिक लॉक. चावीत चिप असेल तर ईसीएम आणि चावी एकमेकांना ओळखतात, दुसऱ्या गाडीचा डबा लावला की गाडी एक-दोन सेकंद चालू होऊन बंद पडते किंवा चावीची लाइट नुसती लुकलुकत राहते. याला तीन रस्ते. एक, सर्व्हिस सेंटरला कोडिंग करून घ्या, आरसी बुक लागेल. दोन, ईसीएम रिपेअर करणाऱ्याकडे दोन्ही डबे द्या, तो जुन्यातल्या ईईप्रॉम (मेमरी) चिपमधला डेटा नव्यात टाकतो, याला ते क्लोन करणं म्हणतात. तीन, एकाच गाडीचा ईसीएम, इमोबिलायझरचा डबा आणि चावी असा पूर्ण सेट घ्या. मी दुसऱ्या वेळी अशा रिपेअरवाल्याकडेच गेलो, त्याने आधी जुना बोर्डच दुरुस्त होतोय का ते बघितलं होतं, नुसता ड्रायव्हर गेलेला असेल तर तो बदलून सगळ्यात स्वस्तात सुटतं, फक्त माझा बोर्डच भाजला होता.

बसवताना पिना सरळ आहेत का बघा, कपलर टक आवाज येईपर्यंत दाबा, डबा मूळ ब्रॅकेटवरच लावा. काही जण वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात, पाणी लागू नये म्हणून, त्यात उलट आतल्या आत घाम धरतो. मायनस लावा, चावी ऑन, चेक लाइट आणि पंपाचा आवाज, मग सेल्फ. सुरुवातीला आयडल वरखाली होईल, घाबरू नका. एसी, लाइट सगळं बंद ठेवून रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत उभी चालू ठेवा. नंतर रविवारी सकाळी पाम बीचवर एक वेगात फिरवून आणा, ट्रॅफिकमधल्या रडतखडत चालण्यातून ईसीएम नीट शिकत नाही. परत स्कॅन करून कोड काढून टाका आणि आठवड्याने पीयूसी करा, मिक्श्चर गडबडलेलं असेल तर तिथे लगेच दिसतं.

आणि एक, डाव्या बाजूचं कार्पेट उचलून हात लावून बघा. ओलं असेल तर बहुतेक एसीचा ड्रेन पाइप चोकअप आहे, ते पाणी आत ईसीएमच्या बाजूलाच उतरतं. गाडीखाली जाऊन पाइपात हवा मारली की दोन मिनिटांत मोकळा होतो, माझ्यातून तर वाळलेली पिंपळाची पानंच निघाली.