मोटार कुणी चालू केली? थ्रिलरच्या सुरुवातीचा स्टोरीबोर्ड काढताना या चुका टाळा

रात्री बाराला शेतातल्या मोटारीची थ्री-फेज लाईट येणार. आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरावर, झोपलेला पोरगा उठतो, डोक्याला टॉवेल गुंडाळतो, बॅटरी घेतो आणि विहिरीकडे निघतो. उसाच्या कडेनं चालताना त्याला हौदात पाणी पडल्याचा आवाज येतो. मोटार आधीच चालू आहे. रानात तर दुसरं कुणी नाही.

मागच्या हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरात शिकणाऱ्या पाच जणांच्या गटानं ही कल्पना मला सांगितली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मुलं जिंतूर, केज, निलंगा अशा निरनिराळ्या भागांतली, पण रात्रीच्या लाईटला दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणारं माणूस प्रत्येकाच्या घरात. त्यांना थ्रिलरची पहिली दोन मिनिटं करायची होती. आठवड्यानं ते स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेक शॉट कसा दिसेल ते दाखवणाऱ्या चित्रांच्या चौकटी, घेऊन आले. चित्रं सुरेख होती, पण ऐकताना वाटलेली भीती त्यांत कुठंच नव्हती. त्या वहीवर आम्ही तीन संध्याकाळी बसलो. तिथं सापडलेल्या चुका मला पुढे इतर गटांतही दिसत राहिल्या, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्याच पानावर सगळं सांगून टाकणं

त्यांच्या पहिल्या चौकटीत उसात दबा धरून बसलेला माणूस होता, हातात कोयता. दुसऱ्या चौकटीत त्याचा चेहरा. पोरगा आखाड्यातून बाहेर पडायच्या आधीच मोटार कुणी चालू केली याचं उत्तर प्रेक्षकाला मिळालं होतं.

थ्रिलर चित्रपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी एक उदाहरण दिलं होतं. टेबलाखाली बॉम्ब आहे, पण प्रेक्षकाला ते माहीत नाही. बॉम्ब फुटतो आणि प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तोच बॉम्ब आधी दाखवला, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही श्वास रोखून ऐकाव्या लागतात. म्हणजे आधी दाखवणं ही काही चूक नाही. पण आधी दाखवायचं की लपवायचं, हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायची जागा म्हणजे स्टोरीबोर्ड. या मुलांची कल्पना लपवण्यावर उभी होती आणि चौकटी मात्र दाखवण्याच्या होत्या.

यावर एक उपाय मी सगळ्यांना करायला लावते. प्रत्येक चौकटीखाली दोन ओळी लिहायच्या: पोराला आता काय माहीत आहे, आणि प्रेक्षकाला आता काय माहीत आहे. सलग चार-पाच चौकटींत दोन्ही ओळी बदलल्याच नाहीत, तर त्यांतल्या एक-दोन चौकटी नक्की फुकट आहेत. दोन्ही ओळींत फरक पडला की ताण तिथून सुरू होतो.

याच ओळी लिहिताना आणखी एक भोक सापडलं. केजकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ऑटो बसवलेला असंल की! लाईट आली की मोटार आपूआप चालू होती." खोलीत एकदम शांतता पसरली. मराठवाड्यातला कुणीही शेतकरी हे दृश्य बघून हेच म्हणणार, आणि रहस्य तिथंच संपणार. मग आम्ही सुरुवातीला एक चौकट वाढवली: आखाड्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला, वायरी तुटलेला जुना ऑटो, आणि त्याच्या शेजारून बॅटरी उचलणारा हात. दीड सेकंद. कुणी काही बोलत नाही. पण पाण्याचा आवाज येईल तेव्हा मोटार आपोआप चालू होऊ शकत नाही, हे प्रेक्षकाला आधीच कळलेलं असतं. गोष्टीतलं असं भोक कागदावर पाच मिनिटांत बुजतं. शूटिंग झाल्यावर सापडलं, तर पुन्हा सगळ्यांना गोळा करून गावाकडे जावं लागतं.

हा कॅमेरा कुणाचे डोळे आहेत?

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती करताना कळतच नाही. मुलांनी एक चौकट फार मन लावून काढली होती: उसाच्या पात्यांमधून दिसणारा, बॅटरी घेऊन चाललेला पोरगा. का काढली म्हणून विचारलं, तर "छान दिसते." खरंच छान दिसत होती. पण पात्यांच्या आडून बघणारा कॅमेरा म्हणजे उसात कुणीतरी उभं आहे, असाच अर्थ प्रेक्षक लावतो. त्याला तसं कुणी शिकवलेलं नसतं, तरी लावतो. तिथं खरंच कुणी असेल, तर हा शॉट सोन्यासारखा आहे. कुणी नसेल, तर ती प्रेक्षकाची फसवणूक आहे आणि पुढे त्याला ती आठवते.

म्हणून प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात एक अक्षर लिहा. पोराच्या नजरेतून असेल तर "पो", लपलेल्या माणसाच्या नजरेतून असेल तर "ल", कुणाच्याच नजरेतून नसेल तर फुली. आमच्या वहीत सात ठिकाणी "ल" आलं. आम्ही एकच ठेवलं, अगदी शेवटाजवळ. त्या एका चौकटीचं वजन आधीच्या सातांपेक्षा जास्त झालं.

पोरगा विहिरीकडे चाललाय की घरी परततोय?

चौथ्या चौकटीत पोरगा डावीकडून उजवीकडे जात होता. पाचवीत उजवीकडून डावीकडे. पाचवी चौकट दुसऱ्या मुलीनं काढली होती. पडद्यावर याचा अर्थ एकच होतो: तो काहीतरी विसरला आणि माघारी फिरला.

कॅमेऱ्याच्या भाषेत याला रेषा ओलांडणं म्हणतात. पोराच्या चालण्याच्या वाटेवर एक रेषा आहे असं समजा. कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला, म्हणजे १८० अंशांच्या अर्धवर्तुळात राहिला, तर त्याची दिशा कायम राहते. पलीकडे गेला की उलटते. पोरगा समोरासमोर उभ्या असलेल्या कुणाशी बोलत असेल, तर ती रेषा एकापासून दुसऱ्यापर्यंत, दोघांना जोडत जाते.

चौकटी काढायच्या आधी वरून दिसणारा नकाशा काढा. आखाडा, लिंबाचं झाड, पाट, ऊस, हौद, विहीर, स्टार्टरची पेटी. पोराची वाट तुटक रेषेनं. प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागी एक छोटा "व्ही" आणि शॉटचा क्रमांक. आमचा नकाशा कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर झाला, आणि चार चुकीचे कॅमेरे त्यात लगेच उघडे पडले. दिशा मुद्दाम बदलायची असेल, तर मध्ये एक शॉट घ्या ज्यात पोरगा सरळ कॅमेऱ्याकडे चालत येतो. त्यानंतर दुसऱ्या बाजूला गेलात, तरी डोळ्याला खटकत नाही.

बाण काढतानाही गोंधळ होतो. माणसाच्या हालचालीचा बाण चौकटीच्या आत आणि कॅमेऱ्याच्या हालचालीचा बाहेर, एवढं पाळलं तरी पुरतं.

चित्रकला येत नाही म्हणून गप्प बसणं

सत्यजित राय मुळात जाहिरात क्षेत्रातले चित्रकार. पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्यांनी शाईनं काढलेल्या चित्रांच्या वहीतून दृश्यं मांडली होती. हे वाचून मुलं घाबरतात, पण त्यातून धडा वेगळाच मिळतो: त्यांनी दृश्य आधी डोळ्यांसमोर आणलं. तुमच्या चौकटीत काड्यांची माणसं चालतील. डोकं चौकटीत किती उंचीवर येतं, माणूस किती मोठा दिसतो, आजूबाजूला किती जागा मोकळी आहे, एवढं बरोबर हवं. नाकडोळे नकोत.

गटात ज्याचा हात चांगला त्याच्याकडे पेन्सिल जाते आणि बाकीचे मोबाईल बघत बसतात. तसं होऊ देऊ नका. अगदीच जमत नसेल, तर मित्राला उभं करून मोबाईलवर फोटो काढा आणि तेच चौकटीत चिकटवा.

चौकटीचा आकारही तपासा. वहीत मुलं सहसा चौकोनी डबे काढतात. मोबाईलचा आडवा व्हिडिओ मात्र १६:९ असतो. ८ सेंटीमीटर रुंद आणि ४.५ सेंटीमीटर उंच असा पुठ्ठा कापा आणि त्याच्याभोवती पेन फिरवत जा.

नऊ चौकटी, सगळ्या कमरेपर्यंतच्या

आपण समोरच्या माणसाला जसं बघतो तसंच चित्रही हातातून उतरतं, म्हणून ही चूक सगळ्यांकडून होते. चौकटी भिंतीला चिकटवून चार पावलं मागे जा. सगळ्यांत माणूस एकाच मापाचा दिसला, तर प्रत्येक चौकटीला विचारा: इथं रान मोठं वाटायला हवं की पोराचा चेहरा? अफाट काळ्या रानात ठिपक्याएवढी बॅटरी, आणि लगेच स्टार्टरच्या हिरव्या बटणावरची ओली बोटखूण. एवढ्या उडीनं पोट ढवळतं.

सेकंद न लिहिणं

दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद. सरासरी चार सेकंदांचा शॉट धरला, तर ३० चौकटी होतात. या गटाकडे १४ होत्या आणि त्यांना वाटत होतं की वेळ भरतो आहे. स्टॉपवॉच लावून एकानं चौकटींवर बोट ठेवत डोळ्यांसमोर दृश्य चालवलं, तेव्हा ५० सेकंदांत सगळं संपलं.

खरी पारख होते ती चौकटींचे फोटो काढून मोबाईलवरच्या कोणत्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये ओळीनं लावल्यावर. प्रत्येकाला ठरलेले सेकंद द्या आणि खाली साधा आवाज रेकॉर्ड करून टाका. याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. एका संध्याकाळचं काम आहे. नावं कुठं येणार हेही इथंच दिसतं. आमच्या पोराचा चेहरा नेमका जिथं दिग्दर्शिकेचं नाव यायचं तिथंच होता, मग रानाच्या मोठ्या शॉटमध्ये वरचा उजवा कोपरा नावांसाठी मोकळा सोडला.

आवाजाचा रकाना कोरा

या दृश्यात खरी भीती आवाजातून येते. पोराला मोटार दिसायच्या आधी पाणी ऐकू येतं. तरी वहीत आवाजाबद्दल एकच शब्द होता: "म्युझिक".

मी मुलांना म्हटलं, डोळे मिटा आणि आपापल्या रानातली रात्र सांगा. मग एकेक येत गेलं. रातकिडे. लांबच्या वाडीतलं कुत्रं. टिटवी, जी ओरडली की आजी म्हणायची रानात कुणीतरी हललं. बारा वाजता लाईट आली की दूरवर एकामागोमाग सुरू होणाऱ्या मोटारींची घरघर. निलंग्याची मुलगी म्हणाली, सगळ्यात भीती वाटते रातकिडे एकदम थांबतात तेव्हा. हा शोध तिचा, आणि दृश्याचा कणा तोच झाला. अकराव्या चौकटीत पोरगा थांबतो, रातकिडे थांबतात, आणि त्या शांततेत हौदात पडणारं पाणी. संगीत नाहीच.

प्रत्येक चौकटीशेजारी आवाजाची ओळ लिहा, आणि तो आवाज चौकटीतून येतो की बाहेरून, तेही.

काळी पेन्सिल म्हणजे रात्र नव्हे

रात्रीचं दृश्य म्हणून सगळ्या चौकटी गिरवून काळ्या केल्या, की शूटिंगच्या दिवशी कुणालाच कळत नाही की उजेड कुठून यायचा. प्रत्येक चौकटीत उजेडाचा उगम दाखवा: पोराच्या हातातली बॅटरी, आखाड्यावरचा बल्ब की चांदणं. मोबाईलचा कॅमेरा दाट अंधारात दाणेदार चित्र देतो. मोठे शॉट सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत उरका, जवळचे शॉट नंतर घ्या, आणि बॅटरीचा झोत पांढऱ्या चादरीवर मारून चेहऱ्यावर आणा. कोणती चौकट कोणत्या वेळेला, हे बोर्डवरच लिहा. आखाड्यावर ट्यूबलाईट असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यानं त्यात चित्र लुकलुकत नाही.

जे घेता येणार नाही ते काढणं

एका दुसऱ्या गटानं पूर्ण सुरुवात दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, बेतली होती. वटवाघळं, वळणं, मशाली. जागा विलक्षण आहे, पण किल्ला भारतीय पुरातत्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथं चित्रीकरणाला परवानगी लागते. त्यांनी अर्ज केलाच नव्हता. महिनाभराचं काम वाया गेलं आणि त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. जागा हातात येईपर्यंत चौकटी पक्क्या करू नका, आणि ज्या वेळी शूटिंग करणार त्याच वेळी एकदा तिथं जाऊन या.

आमच्या विहिरीबद्दल मी हट्ट धरला. काठावरून वाकून बघायची चौकट होती, ती खोडायला लावली. स्टार्टर उघडण्याच्या चौकटीवर लाल शाईनं लिहून घेतलं: फ्यूज काढलेले असतील तरच. कुठल्याही दृश्यापेक्षा पोरं मोठी आहेत.

पाच हात, एक वही

काम वाटून घेतलं की टॉवेल कधी डोक्याला, कधी खांद्यावर, बॅटरी कधी उजव्या हातात, कधी डाव्या. एकानं वहीची राखण करावी. चित्रं काढणं त्याचं काम नाही, सगळं एकमेकांशी जुळतंय का हे बघणं त्याचं काम. मध्ये चौकट घालायची झाली, तर ७ नंतर ७अ करा, सगळे क्रमांक बदलू नका. आणि चौकटी वहीत नको, सुट्या कार्डांवर काढा. वहीतली खोडायला जीव होत नाही, कार्ड मात्र सहज काढून ठेवता येतं.

शेवटी बोर्ड बाहेरच्या माणसाला दाखवायचा, एक शब्द न सांगता. केजच्या मुलानं सुट्टीत कार्डं घरी नेली आणि रात्री जेवणानंतर वडिलांसमोर ओळीनं मांडली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "पाण्याचा आवाज आल्यावर ह्यो बॅटरी का बंद करत नाही? म्या तर पयली बॅटरी बंद केली असती." मुलानं रात्रीच फोन केला. दुसऱ्या दिवशी ११ नंतर ११अ आलं: अंगठा बटणावर. त्याच्यापुढं पूर्ण काळं कार्ड, खाली आवाजाच्या ओळीत फक्त पाणी, आणि वेळ सहा सेकंद.