सातवी-आठवीच्या वर्गासाठी नवा शिक्षक कसा तयार करावा

बी.एड.चे छात्रशिक्षक आमच्या भांडुपच्या शाळेत आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष वर्गावर शिकायला, येतात, तेव्हा प्रत्येकाला नववी-दहावी हवी असते. ती नाही मिळाली तर पाचवी, कारण लहान पोरं गोड असतात म्हणे. सातवीचं नाव काढलं की चेहरे उतरतात. त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी मुद्दाम सगळ्यांना आधी सातवीतच धाडते.

पहिला आठवडा पाठ घ्यायचा नाही. पाठाचं नियोजन लिहिलेली टाचणवही पिशवीत ठेवायची, शेवटच्या बाकावर बसायचं आणि एकच मूल निवडून त्याच्याकडे बघायचं. हात कधी वर जातो, कोणाकडे बघून अर्ध्यावरच खाली येतो, मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर उघडतो. नोंदीत ‘मस्तीखोर’, ‘आळशी’ असले शब्द चालणार नाहीत. दिसलं तेवढंच लिहायचं. एकीने लिहिलं होतं, ‘लक्ष नसतं.’ मी वही परत दिली. दुसऱ्या दिवशी आलं: ‘पहिल्या तासाला दोनदा डोकं बाकावर टेकलं. तिसऱ्या तासापासून उत्तरं देतो.’ आता यावर काहीतरी करता येतं. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर डोळा लागत नाही. त्यात एका खोलीचं घर, बारापर्यंत टीव्ही, पहाटे नळाला पाणी आलं की सगळ्यांची उठाउठी, आणि शाळा सातची. म्हणून सकाळच्या पहिल्या तासाला लांबलचक समजावणं नको. उठून फळ्यापाशी येणं, जोडीने सोडवणं, असं काहीतरी ठेवायचं.

टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) दुसऱ्या पेपरात, म्हणजे सहावी ते आठवीसाठीच्या, बालविकासाला १५० पैकी ३० गुण असतात. त्यामुळे मुलांचा विचार कसा वाढतो हे सांगणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे सगळ्यांना तोंडपाठ. पण बाकावर पाय पसरून बसलेल्या आठवीतल्या पोराशी काय बोलायचं, ते कुठल्या पेपरात नसतं. ते मी शिक्षकखोलीत करून घेते. मी होते आठवीतला पोरगा: खिडकीबाहेर नजर, वही बंद, ‘मी नाही, त्याने केलं.’ समोरच्याने माझ्या बाकापाशी यायचं, आवाज खाली ठेवून एकच वाक्य बोलायचं, ‘वही काढ, मी दोन मिनिटांनी येते,’ आणि वळून निघून जायचं.

निघून जाणंच कोणाला जमत नाही. सगळे तिथेच उभे राहतात, वही निघेपर्यंत. पण तुम्ही उभे असताना त्याने वही काढली तर तो वर्गासमोर हरला, आणि तेराव्या वर्षी दोस्तांसमोर हरण्यापेक्षा मुख्याध्यापकांकडे जाणं परवडतं. पाठ वळली की वही बहुतेक वेळा निघते. नाही निघाली तर तास संपल्यावर व्हरांड्यात, एकट्याशी बोलायचं. ही तालीम मी पाय आपोआप वळेपर्यंत करून घेते. काहींना त्याचा कंटाळा येतो, येऊ दे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. छडी सुटली, जीभ मात्र सुटत नाही. चारचौघांत पाणउतारा करून बसवलेला वचक या वयात आठवडाभरही टिकत नाही.

शरीराचंही भान हवं. मुली साधारण दोन वर्षं आधी उंच होतात, म्हणून उंचीवरून चेष्टा नको, शिक्षकाने केलेली तर नकोच. आवाज फुटलेल्या मुलाला अचानक ‘उभा राहून वाच’ म्हणायचं नाही. उद्या तुझा उतारा, असं आदल्या दिवशी सांगितलं की तो घरून तयार होऊन येतो. मुलीने बाहेर जायची परवानगी मागितली तर ‘आत्ताच का?’ हे वर्गासमोर विचारायचं नाही. पुरुष छात्रशिक्षकांना हे मी स्पष्ट शब्दांत सांगते. लाजून भागत नाही.

आणि एक वाक्य घोकून घ्यायचं. मूल म्हणालं, ‘बाई, कोणाला सांगणार नाही ना?’ तर वचन द्यायचं नाही. ‘मी ऐकते आहे. तुझ्या सुरक्षिततेसाठी गरज पडली तर योग्य माणसाला सांगावं लागेल, पण तुला न सांगता नाही.’ लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घालून जबाबदारी संपत नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पहिल्याच दिवशी वहीच्या आतल्या पानावर लिहायला लावते.

विषय शिकवायचं वेगळं सांगत नाही, तो त्यांना येतो.

उरलं मुख्याध्यापकांचं. नव्या शिक्षकाला सगळ्यांनी टाळलेली तुकडी आणि वर गैरहजर शिक्षकांचे सगळे ऑफ तास, असं वेळापत्रक लावू नका. एकच तुकडी द्या, जमलं तर सहावीपासून आठवीपर्यंत तीच ठेवा, आणि त्याच मजल्यावर एक मुरलेली बाई असू द्या, जिच्याकडे मधल्या सुट्टीत जाऊन रडता येईल.