पाण्याचा कॅन उचलताना स्नायूंची जोडी कशी ओळखावी

उन्हाळ्यात टँकर आला की आमच्या मराठवाड्यात पोरंबाळंसुद्धा कॅन, कळश्या घेऊन धावतात. रात्री दंड भरून येतात. ते का, हे आपल्याच हातानं चाचपून कळतं.

पाच लिटरचा भरलेला कॅन उजव्या हातात घ्या. तळवा वर, कोपर अंगाला टेकवून काटकोनात. डाव्या हातानं दंड पुढून दाबा. टणक लागते ती आपली बेटकुळी, म्हणजे बायसेप्स. मागचा ट्रायसेप्स त्या मानानं मऊ लागेल. बेटकुळीच्या खाली ब्रेकिॲलिस नावाचा स्नायू दडलेला असतो. कोपर वाकवायला तोच सगळ्यात जोरकस, पण नाव मात्र बेटकुळीचं होतं.

आता कोपराच्या खळग्यात बोट ठेवा. ताठ दोरी लागते ना? तो स्नायुरज्जू. बेटकुळीचं वरचं टोक खांद्याच्या फऱ्याला, खालचं या दोरीनं कोपराखालच्या हाडाला बांधलेलं असतं.

मग कॅन ठेवा आणि तळहातानं ओटा खाली दाबा. आता मागची बाजू टणक, पुढची सैल. स्नायू बैलासारखा असतो: ओढतो, लोटत नाही. म्हणून सांधा वाकवायला एक आणि सरळ करायला दुसरा लागतो. एकाला ओढायचा निरोप जातो तेव्हा मज्जारज्जू दुसऱ्याला सैल सोडतो. अंगात असे ६०० हून जास्त स्नायू आहेत.

यापुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॅन पुन्हा धरा आणि अगदी सावकाश खाली न्या. हात सरळ होतोय, तरी बेटकुळी टणकच! ती लांबत लांबत वजन धरून ठेवते. दुसऱ्या दिवशीचा ठणका उचलण्यापेक्षा या उतरवण्यानंच जास्त येतो.

मूठ उघड-मीट करा आणि कोपराखाली हात ठेवा. बोटं वळवणारे मोठे स्नायू तिथं आहेत, बोटांत नाहीत. दिवसभर कापूस वेचल्यावर हात तिथंच ठणकतो.

बेटकुळीची दोरी कोपरापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर बांधलेली आणि कॅन तळहातात, कितीतरी लांब. त्यामुळे ५ किलो पेलायला स्नायूंना सात-आठपट जोर लावावा लागतो. हात लांब केला की खांद्यावरचा भारही वाढतो. म्हणून कॅन अंगालगत धरा, आणि खाली ठेवताना गुडघे वाकवा.