जुन्या मसल कारचं रेस्टोमॉड करताय? या चुका टाळा

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते. १९९५ पासून हा शिरस्ता आहे. रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेल्यांत आपली मराठी मंडळीही असतात. त्या भागात वाहन उद्योगात नोकरी करणारे कितीतरी जण आहेत. एखादी १९६७ ची फोर्ड मस्टँग घुमत समोरून गेली की मनात येतंच, आपणही अशी एक मसल कार, म्हणजे त्या काळातली जोरदार इंजिनाची अमेरिकन गाडी, घ्यावी. बाहेरून जुनी, आतून आजची. म्हणजेच रेस्टोमॉड.

जरूर घ्या. पण अर्धवट सोडून विकायला काढलेल्या अशा गाड्या बघितल्या, तर बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट दिसते: पैसा सगळ्यात आधी इंजिनात गेलेला असतो. चारशे हॉर्सपॉवर बसवून झाले आणि मग कळलं की फ्लोअर सडलाय, ब्रेक ड्रमचेच आहेत आणि वायरिंग साठ वर्षांपूर्वीचं. क्रम नेमका उलटा हवा. पत्रा, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग आणि त्यानंतर ताकद.

रंग बघून गाडी घेणं

१९६५ ते १९६८ च्या मस्टँगमध्ये सगळ्यात महागात पडणारा गंज वरून दिसतच नाही. बॉनेट आणि विंडशील्डच्या मधल्या पट्टीत हवेसाठी बारीक फटी असतात. त्यांच्याखाली दोन पत्र्यांची बंद पेटी असते, तिला काउल म्हणतात. पावसाचं पाणी या पेटीत उतरून दोन्ही बाजूंनी बाहेर पडावं, आणि केबिनमध्ये हवा घेणाऱ्या भोकांत ते शिरू नये म्हणून त्यांना उभी गोल कड असावी, अशी मूळ रचना. पण पेटीत पाला-माती साचते, ओल टिकते, कड गंजून जाते आणि पाणी थेट कार्पेटवर.

तपासणी सोपी आहे. पुढची दोन्ही कार्पेट उचला. एकाने पाण्याचा पाइप त्या फटींवर धरावा, दुसऱ्याने टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवं व्हावं. पाच मिनिटं पाणी सोडा. हीटरच्या डब्यावरून किंवा ड्रायव्हरच्या बाजूच्या व्हेंटमधून थेंब आले की समजा काउल गेलं. ते नीट दुरुस्त करायचं तर बॉनेट, फेंडर, विंडशील्ड काढा, स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिल करा, वरचा पत्रा उचला आणि नवा बसवा. खालून सीलंट फासून काम भागवलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. नवा कोरा फ्लोअर दिसला तरी हुरळून जाऊ नका. जुना कशाने सडला ते विचारा आणि पाइप लावून बघाच.

बॅटरीखालचा पत्रा, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळही बघा. लोहचुंबक चिकटत नसेल तिथे पुट्टीचा थर आहे.

फ्लोअर कापायची वेळ आलीच तर आणखी एक चूक हमखास होते. मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. शेव्हर्लेच्या शेव्हेलला किंवा पॉन्टियाकच्या जीटीओला स्वतंत्र फ्रेम असते. शेव्हर्लेच्याच पहिल्या पिढीच्या कॅमॅरोला फक्त पुढच्या भागात. म्हणून मस्टँगचा फ्लोअर कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करा, दरवाज्याभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवा, आणि गाडी सस्पेन्शनच्या जागी आधार देऊन उभी करा. हे न करता कापाकापी केली की बॉडी खचते आणि दरवाजे मरेपर्यंत नीट लागत नाहीत. छतावर आणि बॉनेटवर सँडब्लास्टिंगही करून घेऊ नका, एवढा मोठा सपाट पत्रा वाकतो.

कोणती गाडी कापतोय हे न बघणं

मस्टँगच्या व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) पाचवं अक्षर इंजिन सांगतं. 'टी' म्हणजे २०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर, 'सी' म्हणजे साधं २८९, 'के' म्हणजे २८९ हाय परफॉर्मन्स. 'के' गाडी हाती लागली तर कृपा करून तिला हात लावू नका, मूळ रूपातच जपा. 'टी' गाडी मात्र बदलांसाठी उत्तम: स्वस्त पडते आणि काही दुर्मीळ गोष्ट नष्ट होत नाही. शेव्हीच्या (शेव्हर्लेच्या) बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. १९६९ च्या कॅमॅरोचा व्हीआयएन फक्त सहा सिलिंडर की व्ही-८ एवढंच सांगतो. ती एसएस (सुपर स्पोर्ट, जास्त ताकदीची आवृत्ती) आहे का, ते त्यातून कळत नाही. बिल्ल्यांवर विश्वास ठेवून एसएसचे पैसे मोजू नका. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट (गाडी फॅक्टरीतून मुळात कशी निघाली याची नोंद) मिळतो, तो व्यवहाराआधी मागवा.

ब्रेकचं काम अर्धवट करणं

१९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या भागाला) एकच कप्पा असतो. एका चाकाची नळी फुटली की चारही ब्रेक जातात. १९६७ पासून दोन कप्पे आले. बाकी काही बदला न बदला, जुन्या गाडीत दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आधी बसवा.

पुढे डिस्क बसवणारे बरेचजण जुना ड्रमचाच मास्टर सिलिंडर ठेवतात. ड्रमसाठी त्यात साधारण १० पीएसआय दाब अडकवून धरणारा व्हॉल्व्ह असू शकतो. डिस्कला तो दाब नको असतो. पॅड घासत राहतात, चाक तापतं. अशी तक्रार असेल तर फेरी मारून या, पुढचं चाक जॅकवर घ्या आणि हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल तर मास्टर सिलिंडरचे नट थोडे सैल करून तो किंचित पुढे घ्या. चाक सुटलं तर पुशरॉड (पेडलचा जोर मास्टर सिलिंडरला देणारा दांडा) लांब आहे. नाही सुटलं तर मास्टर सिलिंडरवरची नळी सैल करा. आता सुटलं तर दोष त्या व्हॉल्व्हचा. तरीही नाही सुटलं आणि कॅलिपरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावरच सुटलं, तर रबरी नळी आतून बुजली आहे. या क्रमाने गेलात तर विनाकारण पार्ट बदलत बसावं लागणार नाही.

दुसरी तक्रार म्हणजे हळू चालताना पेडल दगडासारखं घट्ट. मोठा कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला की आयडलला इंजिनचा व्हॅक्यूम घसरतो, कधी पाऱ्याच्या १० इंचांवर येतो. पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला पूर्ण मदत द्यायला १८ च्या आसपास लागतो. कॅम निवडतानाच हा हिशोब करा. कॅम बदलायचा नसेल तर इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप किंवा हायड्रोबूस्ट (पॉवर स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबावर चालणारा बूस्टर) लावा.

पहिल्या अर्ध्या तासात कॅम घालवणं

जुन्या धाटणीच्या फ्लॅट टॅपेट कॅमचं (यात सपाट टॅपेट कॅमच्या उंचवट्यांवर, म्हणजे लोबवर, घासत चालतात) आयुष्य पहिल्या वीस-तीस मिनिटांत ठरतं. नवं इंजिन सुरू झालं की लगेच २००० ते २५०० आरपीएमवर न्या, थोडं वर-खाली करत राहा, आयडलवर सोडू नका. कारण लोबवर तेल उडतं ते मुख्यतः क्रँक जोरात फिरताना. म्हणून तयारी आधी: ड्रिलने ऑइल पंप फिरवून तेल वरपर्यंत चढवा, टायमिंग लावा, कार्बोरेटरचा बाउल पेट्रोलने भरा. स्टार्टर मारत बसण्यात कॅम झिजतो. व्हॉल्व्ह स्प्रिंग दुहेरी असतील तर आतल्या काढून ब्रेक-इन (ही पहिली चाल) करा.

तेल हा यातला कळीचा मुद्दा आहे. आजच्या पातळ ग्रेडच्या साध्या ऑइलमध्ये फॉस्फरसची मर्यादा ८०० पीपीएम आहे, आणि लोबला वाचवणाऱ्या झिंकच्या संयुगात फॉस्फरस असतो, म्हणून तेही त्याच हिशोबात येतं. ब्रेक-इनसाठीचं खास ऑइल वापरा, नंतरही जास्त झिंकवालं. पहिलं ऑइल बदलताना फिल्टर कापून घड्या उलगडा. चकाकणारी लोखंडी भुकटी दिसली तर गाडी तिथेच थांबवा. ही सगळी धाकधूक नको असेल तर रोलर कॅम घ्या, त्यात घासण्याऐवजी छोटी चाकं फिरतात. मी तेच सुचवेन.

नवं इंजिन टाकणाऱ्यांनी आधी टेप घ्यावी. फोर्डचं आजचं कोयोट ५.० इतकं रुंद आहे की जुन्या मस्टँगच्या दोन शॉक टॉवरच्या (इंजिनच्या दोन्ही बाजूंना शॉक ॲब्सॉर्बर धरणाऱ्या उंच पत्र्यांच्या) मधल्या जागेत ते बसत नाही. टॉवर कापून पुढचं सस्पेन्शनच बदलावं लागतं.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट बदलणं

१६० अंश फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट टाकून तापणं थांबत नाही, तो फक्त लवकर उघडतो. सिग्नलला तापत असेल तर हवा कमी पडते: फॅन आणि श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) बघा. हायवेवर तापत असेल तर पाणी कमी पडतंय: रेडिएटर, पंप आणि खालचा होज. वेगात तो होज आत चेपला जातो का, ते बघा.

पेट्रोल आणि वायरिंग

कार्बोरेटरला पेट्रोलच्या दाबाचे ५ ते ७ पीएसआय पुरतात, जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनच्या इंजेक्शनला ५८ लागतात. त्या दाबाला जुना रबरी होज चालत नाही. इंजेक्शनच्या दाबाचा, ३०आर९ लिहिलेला घ्या. जुन्या टाकीत आडोसे नसल्याने पाव टाकीवर वळण घेतलं की पंप कोरडा पडतो. इंजिन वळणावरच गचके देत असेल तर ट्यूनिंगला दोष देण्याआधी टाकी बघा.

त्या काळच्या डॉजमध्ये आणि प्लिमथमध्ये चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डमधल्या ॲमीटरमधून जातो. तिथे मोठा अल्टरनेटर जोडून जुनं वायरिंग तसंच ठेवलं तर फायरवॉलवरचा कनेक्टर वितळतो, आग लागू शकते. ॲमीटर काढून व्होल्टमीटर लावा आणि बॅटरीकडे फ्यूजसह जाड वायर न्या. याच गाड्यांत स्टार्टर मारताना इंजिन पेटतं आणि किल्ली सोडताच बंद पडतं, तेव्हा आधी बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशन कॉइलचं व्होल्टेज कमी करणारा भाग) तपासा. फोर्डमध्ये कॉइलकडे जाणारी गुलाबी वायर मुद्दामच व्होल्टेज कमी करते. बहुतेक इलेक्ट्रॉनिक इग्निशनला पूर्ण १२ व्होल्ट लागतात, तिथे वेगळी वायर टाका.

गाडी रस्ताभर हिंडते

नवे पार्ट, नवे टायर, तरी हायवेवर स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. कारण बऱ्याचदा अलाइनमेंटवाल्याने फॅक्टरीचे जुने आकडे लावलेले असतात. ते बायस प्लाय (तिरक्या थरांच्या जुन्या) टायरसाठी होते, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) शून्याच्या आसपास. रेडियल टायर असतील तर कागदावर लिहूनच द्या: कॅस्टर अधिक २ ते ३ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) उणे अर्धा, टो-इन (चाकं पुढून आत वळलेली असणं) एक अष्टमांश इंच. पॉवर स्टिअरिंग असेल तर कॅस्टर थोडा आणखी चालतो. काम झाल्यावर मशीनची छापील पट्टी मागून घ्या आणि तिच्यावरचे आकडे तुमच्या कागदाशी ताडून बघा.